मुंबईहून मागवलेलं वाकळेचं कापड गावात पोचल्यावर का बिघडतं?

मी राहते परळला. थोरल्या जाऊबाई पाटण तालुक्यात, गावी. त्या आणि त्यांच्या आळीतल्या पाच-सहा जणी उन्हाळ्यात वाकळा शिवतात (कोकणातल्या मैत्रिणी गोधडी म्हणतात, वस्तू तीच) आणि त्यांचं कापड चौदा वर्षं मी मुंबईतून पाठवते. पहिली चार-पाच वर्षं जवळजवळ प्रत्येक गठ्ठ्यामागे एक तक्रारीचा फोन यायचा. आता क्वचित येतो. ज्यांचं माणूस मुंबईत आहे आणि जे गावाकडून "चार पैसे कमी पडतील असं कापड बघ" म्हणून सांगतात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे.

आधी लक्षणं. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तरी पुढचं वाचा.

सुई आत जाताना अडते, ओढताना करकर वाजते, दोरा तुटतो, संध्याकाळी अंगठा सुजतो. पहिल्या धुण्यातच लाल किंवा निळा रंग शेजारच्या ठिगळावर उतरतो. धुऊन वाळवलेली वाकळ एका बाजूने आवळते आणि दुसऱ्या बाजूला फुगे येतात. धावदोऱ्याच्या रेघेवर कापड विरतं. पांघरलं की घाम येतो आणि वाकळ अंगावरून घसरते. आणि सगळ्यात नेहमीचं म्हणजे सांगितलं होतं तेवढं कापड आणलं, तरी एका वाकळेला कमी पडलं. मग पुन्हा पार्सल, पुन्हा भाडं, आणि स्वस्त म्हणून घेतलेलं कापड दीडपट पैशांना पडलं.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या मागून. हा क्रम मोडू नका, कारण अर्ध्या तक्रारी पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच मिटतात.

सुई बदलून बघा

कापडाला नावं ठेवण्याआधी सुई अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढा. नखावर ओरखडा उठला तर टोक मोडलंय किंवा वळलंय. मुंबईच्या दमट हवेत माझ्याच डब्यातल्या सुयांना गंज चढतो, आणि गंजलेली सुई नव्या कापडातही करकरते. नवी सुई घ्या, दोऱ्याला मेण लावा, आणि त्याच कापडाचे तीन थर धरून वीतभर धावदोरा घालून बघा. सरळ गेला तर कापड निर्दोष आहे. एकदा मी आठ मीटर कापड परत आणायला निघाले होते. जाऊबाई म्हणाल्या, "थांब बाई, शेजारणीची सुई घिऊन बघती." त्याच कापडात सुई लोण्यासारखी गेली.

नवी सुई घेऊनही अडत असेल, तर बहुतेक ते चादरीचं दाट विणीचं किंवा पॉलिस्टर मिसळलेलं कापड आहे. दाट विणीत धाग्यांमध्ये सुईला जागाच नसते. असं कापड मशीनवर चालतं, हातशिलाईला नाही. वाकळेला विरळ आणि मऊ वीण हवी. जुन्या लुगड्याची वाकळ बायकांना प्रिय का, याचं एक कारण हे आहे.

घरात काय आहे ते मोजा

वाकळेसाठी विकत घ्यायचा असतो तो वरचा पदर आणि खालचा पदर. मधले थर विकत आणू नका. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि ते वर्षानुवर्षं धुतल्याने आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला. आतला थर याहून चांगला कुठल्याही बाजारात मिळत नाही. मुंबईकरांनो, बोहारणीला भांड्यावर देण्याआधी सुती साड्या, धोतरं, जुने सुती परकर बाजूला काढा आणि गावी जाणाऱ्याच्या हाती द्या. सिंथेटिक साड्या मात्र आत घालू नका. त्या आत सरकतात, टाके ओढतात आणि वाकळेचा आकार बिघडवतात.

आमच्याकडे हे मोजणं सुरू केल्यापासून यादीतलं कापड निम्म्यावर आलं.

पन्हा विचारा, मग भाव

ही पायरी फोनवर होते, पैसे पडत नाहीत, आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. म्हणून इथे सावकाश सांगते.

गावाकडून सांगतात, "साठ रुपये मीटरवालं घे, पंचाहत्तरचं नको." पण मीटर म्हणजे फक्त लांबी. कापडाची रुंदी, म्हणजे पन्हा, ३६ इंच आहे, ४४ आहे की ५८, हे कळल्याशिवाय त्या भावाला अर्थ नाही. हिशोब करून बघू. वाकळ धरू ५ फूट रुंद आणि साडेसात फूट लांब, म्हणजे ६० बाय ९० इंच. आटण्यासाठी चार इंच जास्त धरले तर एक लांबी ९४ इंच, साधारण २.४ मीटर. भाव फक्त समजण्यासाठी घेते.

३६ पन्ह्याचं ६० रुपये मीटर. दोन लांब्या जोडाव्या लागतात, म्हणजे ४.८ मीटर. एका बाजूला २८८ रुपये.

४४ पन्ह्याचं ७५ रुपये मीटर. याच्याही दोन लांब्या, ४.८ मीटर, ३६० रुपये. शिवाय रुंदीत बरंच कापड उरतं.

५८ पन्ह्याचं ११० रुपये मीटर. एकच लांबी पुरते, २.४ मीटर, २६४ रुपये. धुतल्यावर रुंदी ५६ च्या आसपास राहील, एका माणसाला तेवढी चालते. मधला जोड नाही, म्हणजे एक शिवण वाचली आणि तिथे उसवायची भीतीही गेली.

भावात सगळ्यात महाग दिसणारं कापड वाकळेत सगळ्यात स्वस्त पडलं. माझी जुनी वही काढून पाहिली तेव्हा कळलं की पहिली काही वर्षं मी नेमकं उलटं करत होते.

४४ चंच हवं असेल, कारण छापील सुती कापड बहुतेक त्याच पन्ह्यात येतं, तर दोन वाकळा एकदम काढा. तीन लांब्या घ्यायच्या आणि तिसरी उभी मधोमध चिरायची. प्रत्येक वाकळेला एक अख्खी पट्टी आणि एक अर्धी. ४४ आणि २२ मिळून ६६, शिवणीत इंचभर गेला तरी ६५ उरतात. दोन वाकळांना ७.२ मीटर, म्हणजे एकीला ३.६ मीटर, २७० रुपये. शेजारणीबरोबर मिळून घेतलं की हे सहज जमतं.

किलोने घेताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. हलकं सुती कापड चौरस मीटरला १०० ग्रॅम धरलं, तर ४४ पन्ह्याच्या एका मीटरचं वजन ११२ ग्रॅम, म्हणजे किलोत जवळपास ९ मीटर. तेच कापड जाड, २०० ग्रॅमचं असेल तर साडेचारच मीटर. वजनाने घेतलेला जाड कापडाचा गठ्ठा स्वस्त दिसतो आणि कमी झाकतो. शिवाय पार्सलचं भाडंही किलोवरच लागतं. म्हणून किलोच्या गठ्ठ्यात हात घालून हलके तुकडे वर काढायचे. दुकानदार निवडू देत नसेल तर तो गठ्ठा सोडून द्यावा.

हाताने चोळा, उजेडात धरा

दुकानात उभ्या उभ्या करायची ही तपासणी. कापडाचा कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पंधरा-वीस वेळा जोरात चोळायचा. बोटांवर पांढरी भुकटी आली आणि चोळलेला भाग बाकीच्यापेक्षा लिबलिबीत झाला, तर कापडाला भरपूर खळ आहे. उजेडात धरलं की चोळलेला भाग जाळीसारखा दिसतो. खळ काढली की खरं कापड तेवढंच.

खळ असणं हा गुन्हा नाही. मांजरपाटाला आणि मागावरून उतरलेल्या ग्रे कापडाला ती असतेच, कारण विणताना धागा तुटू नये म्हणून ती लावतात. माझे सासरे गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. ते कापड हातात घेतल्याबरोबर आधी चोळायचे आणि मग नजरेसमोर धरायचे. ही सवय मला त्यांच्याकडून लागली. प्रश्न एवढाच की आपण पैसे कापडाचे देतो की खळीचे. शिवाय खळ न काढता वाकळ शिवली तर ट्रंकेत कसर लागते. कसर खळीवर येते आणि मग कापडही खाते.

शंका राहिली तर घरी आणलेल्या तुकड्यावर जखमेला लावायच्या तपकिरी आयोडीनचा एक थेंब टाका. डाग निळा-काळा झाला तर खळ आहे. तपकिरीच राहिला तर नाही.

याच वेळी कापड फाडूनही बघा. कडेला छोटी चीर देऊन दोन्ही हातांनी ओढायचं. चांगलं सुती कापड चर्रकन आवाज करत सरळ रेघेत फाटतं. न ओढताच कागदासारखं वाकडंतिकडं सुटलं तर ते जुन्या साठ्यातलं, कुजलेलं कापड आहे. टाक्याच्या रेघेवर विरतं ते हेच. त्याला कुठलाही उपाय नाही.

पाण्याचा थेंब आणि काडेपेटी

सुती कापडावर पाण्याचा थेंब पसरतो, पॉलिस्टरवर तो मोत्यासारखा बसून राहतो. पण खळ किंवा चकाकीचं फिनिश असेल तर सुतीवरही थेंब थांबतो, म्हणून आधी धुतलेल्या तुकड्यावर बघा.

नक्की कळायला काडेपेटी. बोटभर धागे काढून चिमट्यात धरायचे, खाली पाण्याची ताटली ठेवायची. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख मऊ, करडी, बोटात विरणारी राहते. पॉलिस्टर वितळतं, काळा टणक मणी उरतो. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळा. टेरीकॉटात दोन्हीकडे मिश्रण असतं, पण काही कापडांत एकाच बाजूला पॉलिस्टर असतं. रेयॉन सुतीसारखंच जळतं, त्यामुळे काडेपेटी त्याला पकडत नाही. ते ओलं करून ओढा. ओलं झाल्यावर रेयॉनची ताकद कमी होते, सुतीची होत नाही.

पॉलिस्टर निघालं म्हणून कापड फेकायचं नाही. त्याच्या पिशव्या, उशांचे अभ्रे होतात. फक्त अंगाला लागणाऱ्या वाकळेत ते नको. घाम आणि घसरणं दोन्ही त्यामुळेच येतं.

नमुना गावाला पाठवा आणि तिथे धुवा

सगळ्यात जास्त वेळ घेणारी आणि सगळ्यात न टाळता येणारी तपासणी हीच. मी ती एकदा टाळली, तो प्रसंग सांगते.

सहा वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या लेकीचं पहिलं बाळंतपण. मला एका दुकानात गर्द लाल कटपीस फार स्वस्त मिळाले. "रंग पक्का आहे ताई," असं दुकानदार म्हणाला आणि मी नमुना न धुता सगळे पाठवले. त्यांनी पांढऱ्या धोतराच्या पट्ट्या आणि लाल चौकोन असं महिनाभर बसून शिवलं. पहिल्या धुण्यात पांढऱ्या पट्ट्या गुलाबी झाल्या, त्याही एकसारख्या नाहीत, लाल चौकोनाच्या कडेला गडद आणि पुढे फिकट होत गेलेल्या. जाऊबाई फोनवर मला काही बोलल्या नाहीत. त्याचं मला जास्त लागलं.

तेव्हापासून अर्धा मीटर आधी, बाकीचं मागून. नमुन्यावर दोन गोष्टी एकाच धुण्यात बघायच्या.

आटणं: कापडावर पेनाने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, उभी बाजू कुठली ते लिहून ठेवा. धुवा, वाळवा, इस्त्री न ओढता फिरवा, पुन्हा मोजा. एक सेंटिमीटर कमी म्हणजे २ टक्के. सुती कापड उभ्या बाजूने दोन सेंटिमीटरपर्यंत आटलं तर ते नेहमीचं आहे. मागावर आणि फिनिशिंगला धागा ताणलेला असतो, पाणी लागलं की तो मूळ जागी येतो. ९० इंचाच्या वाकळेत हेच ४ टक्के साडेतीन इंचांहून जास्त होतात. वरचा पदर साडेतीन इंच आटला आणि आतलं जुनं लुगडं जराही आटलं नाही, की फुगे येणारच. म्हणून नवं कापड नेहमी धुऊन, वाळवून मगच कापायचं. तीन सेंटिमीटरच्या वर आटलं तर दोनदा धुवा, किंवा तो तागा घेऊच नका. काठावर "सॅनफोराइज्ड" छापलेलं असेल तर आटणं कमी असतं.

रंग: ओला नमुना पांढऱ्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून वर पाटा-वरवंटा काहीही जड ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पांढऱ्यावर काय उतरलं ते दिसतं. मग साध्या पाण्यात एकामागून एक धुण्या. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यात रंग थांबला तर तो वरवरचा जादा रंग होता, कापड चांगलं आहे. पाचव्या पाण्यालाही लाल येत असेल तर रंग धाग्याला धरलेलाच नाही. मीठ, तुरटी, व्हिनेगर सगळं मी करून पाहिलं आहे. पाणी तेवढ्यापुरतं फिकट दिसतं, पुढच्या धुण्याला रंग पुन्हा येतो. लाल, मरून, गडद निळा आणि काळा या चौघांवर जास्त लक्ष ठेवा.

कुठून आणायचं

मंगलदास मार्केट आणि त्याला लागून मूळजी जेठा मार्केट, या दोन ठिकाणी मी जाते. सीएसएमटी किंवा मस्जिद बंदर स्टेशनवरून चालत जाता येतं. मंगलदासमध्ये मीटरने मिळतं, रविवारी बंद असतं. मूळजी जेठात घाऊक व्यवहार आहे, तिथे पूर्ण तागा घ्यायची तयारी हवी, म्हणजे पाच-सहा घरांनी मिळून घ्यावं. दादरला हिंदमाताला साड्या आणि ड्रेसचं कापड भरपूर आहे. वाकळेच्या कामाचं तिथे शोधावं लागतं. लग्नसराई आणि दिवाळी सोडून, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा. तेव्हा दुकानदाराला तागा उलगडून दाखवायला फुरसत असते.

आणि एक गोष्ट मुंबईकर असूनही सांगते. खालच्या पदराला नुसता मांजरपाट हवा असेल तर सातारा-सांगलीकडच्यांनी मुंबईला फोन लावण्याआधी इचलकरंजीचा विचार करावा. यंत्रमाग तिथेच आहेत आणि कराडहून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे. नाशिक-धुळ्याकडच्यांना मालेगाव, ठाण्या-पालघरच्या खेड्यांना भिवंडी. ग्रे कापड आणलं तर रात्रभर भिजवून, खळ काढून, वाळवून मगच वापरा. ते जास्त आटतं.

पार्सल एसटीने पाठवा नाहीतर गावी निघालेल्या माणसाबरोबर, पण पावसाळ्यात आधी प्लास्टिक आणि वरून गोणपाट. पाटणच्या पावसात ओलावा लागलेला गठ्ठा चार दिवस बांधलेला राहिला तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत. पार्सल पोचलं की त्याच दिवशी उघडून वाऱ्यावर टाकायला सांगा. आतमध्ये प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावा: पन्हा, मीटर, भाव. पुढच्या वेळी "तसलंच पाठव" म्हटलं की ही चिठ्ठीच उपयोगी पडते.

इथे थांबा

पाच धुण्यांनंतरही रंग जात असेल तर घरगुती उपाय थांबवा. कापड थोडं असेल तर दुसऱ्या कामाला लावा. जास्त असेल तर रंगाऱ्याकडे न्या आणि गडद रंगात पुन्हा रंगवता येईल का विचारा.

बचत गटाने विकण्यासाठी ५०-१०० मीटर घ्यायचं ठरवलं असेल तर माझ्यासारखीच्या काडेपेटीवर विसंबू नका. घाटकोपरला बीटीआरए, वरळीला ससमिरा, प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी, या ठिकाणी कापडाची तपासणी होते. तागा उचलण्याआधी फोन करून रंगाचा पक्केपणा आणि आटणं तपासायला नमुना किती लागेल आणि शुल्क किती ते विचारा.

बिलावर "शुद्ध सुती" लिहून दिलं आणि पॉलिस्टर निघालं, दुकानदार ऐकत नाही, तर वाद घालत बसू नका. पक्की पावती आणि नमुना जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पावती नसेल तर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून कटपीस घेतानाही पावती मागा.

तान्ह्या बाळाच्या अंगावर नव्या दुपट्याने पुरळ आलं तर कापड पुन्हा धुऊन बघत बसू नका. ते काढा आणि बाळाला डॉक्टरकडे न्या.

आणि शिवून झालेली वाकळ बिघडली असेल तर ती उसवू नका. उसवताना जुनं लुगडं फाटतं आणि महिन्याची मेहनत जाते. त्या गुलाबी झालेल्या वाकळेवर जाऊबाईंनी दोन्ही बाजूंनी धुतलेल्या मांजरपाटाचा एकेक पदर चढवला आणि पुन्हा कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा घातला. कापड मीच पाठवलं, नमुना आधी धुऊन. वाकळ थोडी जड झाली, पण नात आता पहिलीत गेली तरी तीच पांघरते.